ढकलणे, दाबणे, ओढणे, ताणणे



दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीला भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडतो, तेव्हा 'पुश', 'प्रेस', 'थ्रस्ट', 'प्रेशर', 'पुल', 'ड्रॅग', 'टेन्शन', 'स्ट्रेस' असे शब्द त्याच्यापुढे रांगेने उभे राहतात. शब्दकोश पाहावा तर निम्म्यांचा अर्थ 'दाब' आणि उरलेल्यांचा 'ओढ' किंवा 'ताण'. मग गणित येत असूनही उत्तर चुकते आणि हा विषय आपल्याला जमणार नाही, असे वाटू लागते. वास्तविक अडते ते शब्दापाशी. या शब्दांमागच्या क्रिया तुम्ही लहानपणापासून पाहिलेल्या आहेत. त्या पाहण्यासाठी आपण शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई या भीमाकाठच्या गावाची कल्पना करू. नदीपलीकडे दौंड तालुका आणि दोन्ही काठांना उसाची शेती.

एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा. हे शब्द बल किती आहे हे सांगत नाहीत, बल कसे लागते हे सांगतात. म्हणून प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा. वस्तूला जागची हलवायचे आहे की तिचा आकार बदलायचा आहे? बल एका बाजूने लागते की दोन बाजूंनी? आणि ते किती जागेवर पसरले आहे?

पुश, प्रेस, स्क्वीझ, क्रश

उसाची ट्रॉली चिखलात रुतली की चारजण मागून रेटा देतात. हा 'पुश', म्हणजे आपल्यापासून दूर ढकलणे. ट्रॉली हलली नाही तरी तो 'पुश'च. इस्त्री कपड्यावर टेकवून दाबतो तो 'प्रेस'. तेथे कपडा पुढे सरकावा अशी अपेक्षा नसते. विजेच्या बटणाला मात्र दोन्ही शब्द चालतात, कारण बटण दाबलेही जाते आणि आत ढकललेही जाते.

लिंबू दोन बाजूंनी दाबून रस काढणे म्हणजे 'स्क्वीझ'. ओले धोतर पिळणे मात्र 'स्क्वीझ' नव्हे, ते 'रिंग', कारण त्यात पीळ द्यावा लागतो. येथे मराठी एकाच 'पिळणे' शब्दावर भागवते. पदार्थ मोडून त्याचा चुरा किंवा चोथा होईपर्यंत दाबणे म्हणजे 'क्रश'. साखर कारखान्याच्या हंगामाला इंग्रजीत 'क्रशिंग सीझन' म्हणतात, आपण 'गळीत हंगाम' म्हणतो. इंग्रजी शब्दाचे लक्ष मोडणाऱ्या उसाकडे, तर आपल्या शब्दाचे गळणाऱ्या रसाकडे!

थ्रस्ट आणि प्रेशर

पृष्ठभागाला लंब दिशेने लागणारे एकूण बल म्हणजे 'थ्रस्ट'. दर एकक क्षेत्रफळावर येणारे बल म्हणजे 'प्रेशर', अर्थात दाब. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ का ठेवतात? समजा, भरलेल्या घागरीचे वजन १५० न्यूटन आहे. चुंबळ नसताना ती १५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते, तेव्हा दाब १,००,००० पास्कल होतो. चुंबळीमुळे तेच वजन ७५ चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर दाब २०,००० पास्कल उरतो. 'थ्रस्ट' तोच, 'प्रेशर' पाचपट कमी. चुंबळीने वजन घटत नाही, दाब घटतो. म्हणूनच 'थ्रस्ट' न्यूटनमध्ये आणि 'प्रेशर' पास्कलमध्ये मोजतात.

पुल, ड्रॅग, ड्रॉ, टग

आपल्याकडे ओढणे हा सर्वसाधारण 'पुल'. ओंडका जमिनीला घासत, फरफटत नेला तर 'ड्रॅग'. भौतिकशास्त्रात हवा किंवा पाणी गतीला जो विरोध करते, त्या बलालाही 'ड्रॅग' म्हणतात. विहिरीतून पाणी शेंदणे, बैलांनी गाडी ओढणे अशा संथ, सलग ओढीला 'ड्रॉ'. वासरू दाव्याला हिसके देते तो 'टग'.

येथे एक गंमत पाहा. बैल गाडी ओढतो असे आपण म्हणतो. पण बैल मानेने आणि वशिंडाने जू पुढे ढकलतो. जुवाला जोडलेली गाडी त्यामुळे ओढली जाते. म्हणजे जुवावर 'पुश' आणि गाडीवर 'पुल'. बल कोणत्या वस्तूवर लागते हे ठरवल्याशिवाय शब्द निवडता येत नाही.

टेन्शन, स्ट्रेस, स्ट्रेन

परीक्षेचे 'टेन्शन' बाजूला ठेवू. पोहऱ्यासह १० किलोग्रॅम पाणी तुम्ही एकसारख्या वेगाने वर ओढता, तेव्हा दोर पोहऱ्याला ९८ न्यूटन बलाने वर ओढतो आणि तुमच्या हातांना तेवढ्याच बलाने खाली ओढतो (दोराचे वजन सोडून देऊ). दोराचे 'टेन्शन' ९८ न्यूटन, दुप्पट नव्हे.

आता दोराऐवजी सुतळी घ्या. 'टेन्शन' तेच, पण सुतळी तुटते. दोराचा छेद १ चौरस सेंटिमीटर आणि सुतळीचा त्याच्या दहावा हिस्सा असेल, तर सुतळीच्या दर चौरस सेंटिमीटरवर दहापट बल येते. हा 'स्ट्रेस'. आणि मूळ लांबीच्या मानाने वस्तू किती लांबली, तो 'स्ट्रेन'. १ मीटरची दोरी २ सेंटिमीटर ताणली गेली तर 'स्ट्रेन' ०.०२. लांबीला लांबीने भागल्यामुळे त्याला एकक नाही.

पंप पाणी ओढतो काय?

शब्द चुकला तर केवळ गुण जातात असे नाही. नदीकाठची मोटर 'पाणी खेचते' असे सगळेच म्हणतात. तसे असते तर पंप कितीही उंच ठेवून चालले असते. प्रत्यक्षात पंप नळीतील दाब कमी करतो आणि नदीच्या पृष्ठभागावरील हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचे पाणी तोलू शकतो. आपल्या पठारावर त्याहून थोडे कमी. व्यवहारात घर्षणामुळे पंप पाण्यापासून सहा-सात मीटरच्या आतच ठेवावा लागतो. उन्हाळ्यात पात्रातील पाणी खाली गेले की मोटर खाली हलवावी लागते, ती याचसाठी. याउलट पाणबुडी पंप पाण्याखाली बसून पाणी वर ढकलतो. म्हणून तो खोल कूपनलिकेतही चालतो.

विचार करा

१. रस्सीखेचीत दोन्ही बाजू ५०० न्यूटन बलाने ओढत आहेत आणि दोर स्थिर आहे. दोराचे 'टेन्शन' किती?

२. विळ्याला धार लावल्याने काय वाढते, 'थ्रस्ट' की 'प्रेशर'?

३. उसाचा रस नळीने पिताना रस वर कोण ढकलते?

४. ढकलणे, लोटणे, रेटणे, चेपणे, चिरडणे, खेचणे, हिसडणे, ताणणे. यांतील प्रत्येक शब्दाला आपले तीन प्रश्न विचारा आणि मगच शब्दकोश उघडा.