काकडीचे सँडविच व तिसऱ्या प्रहराचा चहा

इंग्रजी नाटके व कादंबऱ्या वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस एक प्रसंग वारंवार भेटतो. दुपारचे चार-साडेचार वाजलेले असतात, दिवाणखान्यात चहाचे सामान मांडले जाते आणि त्याबरोबर एका तबकात काकडीची सँडविचे येतात. आमच्या मुलांना याचे नवल वाटते. "पाहुण्यांना द्यावयाचे तर काकडी कशाला? काकडी तर आपण कोणालाही देतो," असे एका विद्यार्थिनीने मला भर वर्गात विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही. त्यात थोडा इतिहास आहे, थोडे वनस्पतिशास्त्र आहे आणि बरेचसे स्वयंपाकघर आहे.

आरंभी वेळेचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील धनिक कुटुंबांतील रात्रीचे जेवण उत्तरोत्तर लांबत जाऊन सात-आठ वाजेपर्यंत गेले होते. मध्यान्हीची न्याहारी हलकी असे. मधल्या दीर्घ अवकाशात जीव कासावीस होई. त्यावर बेडफर्डची सातवी डचेस ॲना मरिया हिने १८४० च्या सुमारास आपल्या दालनात चहा व थोडे खाणे मागविण्याचा परिपाठ सुरू केला आणि पुढे ती मैत्रिणींनाही त्यासाठी बोलावू लागली, असे परंपरेने सांगितले जाते. ही बाई व्हिक्टोरिया राणीच्या परिवारात होती. तेव्हा तिचे अनुकरण व्हावयास वेळ लागला नसावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रात्रीचे भरगच्च जेवण पुढे वाढून ठेवलेलेच असे. म्हणून चहाबरोबरच्या पदार्थाने पोट भरता कामा नये, हीच त्याची पहिली अट होती.

गिरणीतील कामगाराची गोष्ट निराळी होती. तो सायंकाळी सहाच्या सुमारास थकून घरी येई, आणि त्याच्या चहाबरोबर पाव, चीज, थंड मांस असे पोटभर अन्न असे. तेच त्याचे रात्रीचे जेवण. यालाच 'हाय टी' हे नाव होते. आज आपल्याकडील मोठमोठ्या हॉटेलांत 'हाय टी' म्हणजे काही विशेष खानदानी प्रकार समजतात. मूळ अर्थ जवळजवळ उलट आहे!

इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड वाढविण्याचे श्रेय कॅथरीन ऑफ ब्रागांझा या पोर्तुगीज राजकन्येला देतात. तिचा विवाह १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाशी झाला. मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेले ते याच विवाहामुळे. शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. आपला 'चहा' चिनी 'चा'वरून आला. इंग्रजांचा 'टी' मात्र चीनच्याच फुक्येन किनाऱ्यावरील 'ते' या उच्चारावरून डच व्यापाऱ्यांच्या मार्फत गेला. एकाच पानाला दोन बंदरांनी दोन नावे दिली.

सँडविच हे केंट परगण्यातील एका गावाचे नाव. त्या गावावरून पदवी मिळालेल्या घराण्याचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८ ते १७९२) याच्यावरून पदार्थाला ते नाव पडले. जुगाराच्या टेबलावरून उठावयास नको म्हणून तो पावाच्या दोन कापांत मांस घालून मागवी, अशी आख्यायिका आहे. तो आरमार खात्याचा मंत्री होता आणि कामाच्या मेजावरच जेवत असावा, असे त्याचा एक चरित्रकार म्हणतो. मला हे दुसरे मत अधिक पटते. पण जुगाराची गोष्ट अधिक चटकदार असल्यामुळे तीच टिकून राहिली. एवढे निश्चित की, १७६२ सालच्या नोव्हेंबरात इतिहासकार गिबन याने आपल्या रोजनिशीत हा शब्द लिहिला आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. काकडी मूळची आपल्या देशातली. तिची रानटी जात हिमालयाच्या पायथ्याशी आजही सापडते. आपल्याकडे पावसाळ्यात ती कुंपणावरही चढते, म्हणून तिचे अप्रूप नाही. इंग्लंडच्या थंड हवेत मात्र तिला जगविणे हेच एक कसब होते. शिवाय कच्ची काकडी प्रकृतीस अपायकारक, अशी तेथे बरीच वर्षे समजूत होती. सॅम्युएल पेप्स याने १६६३ सालच्या ऑगस्टमध्ये काकडी खाऊन एक गृहस्थ मरण पावल्याची वार्ता रोजनिशीत टिपून ठेवली आहे! पुढे ही भीती ओसरली. माळी लोक ताज्या शेणखताचा थर घालून, तो कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवर, काचेच्या झाकणाखाली काकडी वाढवीत. आगगाडीच्या एंजिनाचा प्रख्यात रचनाकार जॉर्ज स्टीफनसन याला उतारवयात बागेचा नाद लागला. आपल्या काकड्या वाकड्या वाढतात हे त्याला खपेना. म्हणून त्याने काचेच्या नळ्या करवून घेतल्या आणि त्यांत काकड्या सरळ वाढविल्या. ज्याने लोहमार्ग सरळ केले त्याने काकडीला तरी का सोडावे?

काच तेव्हा महाग होती, कारण तिच्यावर सरकारी कर होता. तो १८४५ मध्ये उठला आणि काचगृहे बांधणे पुष्कळ स्वस्त झाले. तरीही काचगृह, ते तापविण्याचा कोळसा आणि जाणता माळी हे सारे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचेच होते. हवा थंड असताना ज्याच्या तबकात काकडी दिसे, त्याच्या घरी हे तिन्ही आहे असे पाहुणा न बोलता ओळखी. उत्तर असे आहे, मुली: पाहुण्यासमोर काकडी ठेवली जात नव्हती, काचगृह ठेवले जात होते.

ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीईंग अर्नेस्ट' या नाटकात या रिवाजाची यथेच्छ थट्टा आहे. त्याचा पहिला प्रयोग लंडनच्या सेंट जेम्स नाट्यगृहात १४ फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. ॲल्गर्नन हा ऐषारामी तरुण आपल्या मावशीसाठी मुद्दाम काकडीची सँडविचे करवून घेतो, मित्राला त्यांतील एकाला हात लावू देत नाही आणि बोलता बोलता स्वतः सगळी फस्त करतो. मावशी आल्यावर रिकामे तबक पाहून नोकरालाच जाब विचारतो. तो नोकर किंचितही न डगमगता सांगतो की, आज बाजारात काकडीच नव्हती, रोख पैसे देऊनसुद्धा मिळाली नाही. नाटकाचा दुसरा अंक जुलै महिन्यात घडतो. म्हणजे ऐन हंगाम! ही थाप किती अघळपघळ आहे हे ऋतू ठाऊक असल्यावाचून कळत नाही. आणि आणखी एक गोष्ट: सारी सँडविचे मालकाने खाल्ली, पण खोटे बोलण्याचे काम नोकराकडे आले. ज्यांनी तो पाव कापला, काकडी सोलली, तबक वर नेले, त्यांच्या वाट्याला त्या दिवाणखान्यात याहून अधिक काही येत नसे.

आता कृती. हा पदार्थ वरवर पोरखेळ वाटतो, पण त्यात एक शत्रू दडलेला आहे, तो म्हणजे पाणी. काकडीत शंभर भागांपैकी सुमारे ९५ भाग पाणीच असते. कापलेली काकडी तशीच पावावर ठेवली तर थोड्याच वेळात पाव ओला होऊन लिबलिबीत होतो. तेव्हा ही सगळी कृती म्हणजे ते पाणी आधी काढणे आणि उरलेले अडविणे.

एक मध्यम, कोवळी काकडी घ्यावी. देठाकडचा तुकडा चाखून पाहावा. कडूपणा बहुधा देठाशी व सालीलगत असतो. साल काढून दोन मिलिमीटरहून जाड नसतील अशा चकत्या कराव्यात. बियांचा गर फार असल्यास तो काढावा. चकत्या चाळणीत पसरून त्यांवर अर्धा चहाचा चमचा मीठ भुरभुरावे आणि वीस मिनिटे ठेवावे. खाली पाणी ठिबकू लागेल. याचे कारण असे की, काकडीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. त्यातून पाणी सहज जाते, मीठ मात्र सहजी जात नाही. बाहेर मिठाचे द्रावण दाट झाले की आतील पाणी तिकडे ओढले जाते. शास्त्रात याला परासरण म्हणतात. आमच्या आयांना हा शब्द ठाऊक नव्हता, पण कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालावे, नाहीतर पाणी सुटते, हे त्या जाणून होत्या. येथे उलट करावयाचे: पाणी मुद्दाम आधीच सोडवायचे. नंतर चकत्या स्वच्छ फडक्यात घेऊन हलकेच टिपून घ्याव्यात.

आमच्या गोव्याकडे काकडीला तवसे म्हणतात. तवसळी करताना किसलेल्या तवशाचे पाणी आम्ही टाकीत नाही, त्यातच रवा भिजतो आणि गूळ विरघळतो. एकाच फळाचे पाणी एका स्वयंपाकघरात मोलाचे आणि दुसऱ्यात अडचणीचे, हे मला मौजेचे वाटते. इंग्रज कृतीतले पाणीही फेकू नये. ताकात घातल्यास उत्तम लागते.

पाव चौकोनी साच्यात भाजलेला, पांढरा, मऊ गाभ्याचा आणि आदल्या दिवशीचा असावा. ताज्या पावाचा पातळ काप निघत नाही, गाभा सुरीला चिकटतो. कडक कवचाचा आमचा उंडो या कामाचा नाही. पूर्वी, म्हणजे अमेरिकेत १९२८ मध्ये यंत्राने कापलेला पाव विक्रीस येण्यापूर्वी, इंग्लंडमधील मोलकरणी एक युक्ती करीत. अख्ख्या पावाच्या कापलेल्या तोंडावर आधी लोणी लावीत आणि मग तेवढा पातळ काप काढीत. त्यामुळे तो फाटत नसे. अखंड पाव मिळाल्यास ही रीत जरूर करून पाहावी.

लोणी सढळ हाताने, मऊ करून, कापाच्या अगदी कडेपर्यंत लावावे. येथे काटकसर करणे म्हणजे छप्पर अर्धवट शाकारणे होय. लोण्यातील स्निग्धांश पावाला पाण्यापासून वाचवितो. घरचे लोणी असेल तर गार पाण्यात दोन-तीनदा धुवून ताकाचा अंश काढून टाकावा. विकतचे खारट लोणी असेल तर काकडीला मीठ कमी लावावे. आठ कापांना सुमारे ५० ग्रॅम लोणी पुरते.

चार कापांवर चकत्या एकमेकींवर थोड्या चढवून मांडाव्यात. दोन थर पुरेत. वर चिमूटभर पांढरी मिरपूड. काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलीची. पिकलेल्या दाण्याची साल काढली की ती पांढरी होते. काळीने चव बिघडत नाही, केवळ ठिपके दिसतात. उरलेले चार काप लोण्याची बाजू आत करून झाकावेत, तळव्याने हळूच दाबावे आणि धारदार सुरीने चारही कडा काढाव्यात. प्रत्येकाचे तीन लांबट तुकडे केले की बारा होतात. चहास अवकाश असेल तर ओलसर पिळलेले फडके वर घालावे, कारण आत ओल जशी नको तशी बाहेरून पाव सुकायलाही नको. तासाभरात खाऊन संपवावीत.

हिरवी चटणी, बटाटा, बीट व टोमॅटो घालून मुंबईच्या रस्त्यावर विकले जाते तेही सँडविचच, आणि त्यातही काकडी असतेच. पण ते भूक भागविण्यासाठी केलेले आहे.

कापलेल्या कडा टाकू नयेत. उन्हात कडकडीत वाळवून पाट्यावर भरडाव्यात आणि हवाबंद डब्यात ठेवाव्यात. कटलेट घोळवावयास त्याहून चांगला चुरा बाजारात मिळत नाही.