ठेवणीतली वाईन

मावसभावाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या रात्री ठेवणीतली बाटली बाहेर निघाली. नाशिकची शेनिन ब्लाँ, वास्तुशांतीला कुणीतरी दिलेली. तेव्हापासून ती हॉलमधल्या शोकेसमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात उभी. बूच काढताना त्याचा भुगा झाला. पेल्यात पडलं ते तपकिरी, आणि वास कापून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. “जुनी आहे, मुरली असेल,” एक काका म्हणाले. लोणच्याचा न्याय आपण वाईनलाही लावतो, तिथेच फसगत होते.

बहुतेक वाईन वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. जास्त टिकायला तिच्या अंगात तसं काही असावं लागतं. लाल वाईनमध्ये ते टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणारं. इटलीतल्या बारोलोत ते इतकं तुरट असतं की कायद्यानेच ती ३८ महिने ठेवल्याशिवाय विकता येत नाही, आणि त्यानंतरही कोवळी बारोलो घशाखाली उतरवणं जिवावर येतं. वर्षं जातात तसे टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, काहींचा गाळ तळाशी बसतो. तुरटपणा मवाळ होतो, रंग विटकरी होतो, ताज्या फळाच्या जागी चामड्याचे, तंबाखूचे, ओल्या मातीचे वास येऊ लागतात.

पांढऱ्या वाईनमध्ये टॅनिन नावापुरतंच. तिला आंबटपणा तारतो, कधी जोडीला साखर. गंमत अशी, की फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली वूव्रे याच शेनिनची, आणि चांगल्या वर्षीची असेल तर ती पन्नास वर्षंही टिकते. तिथल्या थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, त्यातलं आम्ल शाबूत राहतं. आपल्या उन्हात ते झपाट्याने उतरतं. म्हणून नाशिकची शेनिन ताजीच प्यावी. त्यात तिचा कमीपणा अजिबात नाही.

ठेवायचीच असेल तर ओक पिंपातली दमदार लाल वाईन निवडा आणि किती वर्षं ठेवायची ते वायनरीतच विचारा. जागा अंधारी हवी, तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर. मे महिन्यात तापणारा माळा तर नकोच. एकाच बाटलीवर भिस्त ठेवू नका. तीन-चार घ्या, वर्षाआड एक उघडा, ऐन बहरात आली की उरलेल्या संपवा. बुचाची बाटली आडवी ठेवा, नाहीतर बूच वाळून हवा आत शिरते. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालेल.