युरोपची हवामान-तटस्थता आणि घरची कारखानदारी

१९५१ साली पॅरिस येथे सहा राष्ट्रांनी ज्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या, त्याचा विषय कोळसा आणि पोलाद हा होता. त्या करारातून वाढत गेलेला युरोपीय संघ आज सत्तावीस राष्ट्रांचा आहे, आणि ज्या कोळशाच्या पायावर त्याची उभारणी झाली, त्याच कोळशाचा निरोप घेण्याची प्रतिज्ञा त्याने केली आहे. इतिहासातील ही कलाटणी मोठी खरीच. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. कोळशाच्या जागी जी साधने यावयाची, ती तयार कोणी करावयाची, या प्रश्नाने युरोपला कसे अडचणीत टाकले आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रतिज्ञा आणि तिचा अर्थ

डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने आपला ‘हरित करार’ जाहीर केला आणि जुलै २०२१ मध्ये अंमलात आलेल्या हवामान कायद्याने त्यातील मुख्य उद्दिष्टाला बंधनकारक रूप दिले. २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन १९९० च्या तुलनेने निदान ५५ टक्क्यांनी घटवावे आणि २०५० पर्यंत संपूर्ण संघ हवामान-तटस्थ व्हावा, असे हा कायदा सांगतो. तटस्थता म्हणजे सर्व धुराडी बंद होणे नव्हे. जेवढा वायू वातावरणात सोडला जाईल, तेवढाच वने, जमीन वा यांत्रिक उपाय यांच्या द्वारे परत शोषला जावा आणि जमाखर्चाची बाकी शून्य यावी, एवढाच तिचा अर्थ. ही बाकी जुळवावयाची तर सौरफलक, पवनचक्क्या, विद्युत्घट आणि घरे उबदार ठेवणारे उष्णतापंप यांची फार मोठ्या प्रमाणावर गरज लागते. उद्दिष्ट कायद्याने ठरविता येते. कारखाने मात्र कायद्याने उभे राहत नाहीत.

थालहाइमचा धडा

पूर्व जर्मनीतील बिटरफेल्ड हा परिसर एके काळी रासायनिक कारखानदारी आणि तीतून होणारे प्रदूषण यांसाठी कुप्रसिद्ध होता. त्याच्या शेजारच्या थालहाइम गावी १९९९ साली ‘क्यू-सेल्स’ ही सौरघट बनविणारी कंपनी स्थापन झाली. लगेच २००० साली जर्मनीने एक महत्त्वाचा कायदा केला. सूर्यापासून वा वाऱ्यापासून वीज निर्माण करणारास त्या विजेबद्दल वीस वर्षे ठरावीक भाव मिळेल, अशी हमी त्याने दिली. शेतकऱ्यांनी कोठारांच्या छपरांवर फलक बसविले, मागणी झपाट्याने वाढली आणि काही वर्षांतच ‘क्यू-सेल्स’ ही जगातील सर्वांत मोठी सौरघट-उत्पादक कंपनी ठरली. तो परिसर ‘सौरदरी’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

एप्रिल २०१२ मध्ये याच कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, आणि पुढे दक्षिण कोरियातील एका उद्योगसमूहाने ती विकत घेतली.

असे का व्हावे? वाचकांच्या लक्षात येईल की, जर्मन कायद्याने भाव दिला तो विजेला, फलकाला नव्हे. फलक कोठे बनला याची चौकशी त्या कायद्यात नव्हती. चीनने मात्र नेमके उत्पादनालाच बळ दिले. सिलिकॉन शुद्ध करणे, त्याच्या लगडी पाडणे, लगडींच्या पातळ चकत्या कापणे, चकत्यांपासून घट आणि घटांपासून फलक जुळविणे या साऱ्या पायऱ्या त्याने प्रचंड प्रमाणावर उभारल्या. आज यांतील प्रत्येक पायरीवर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. जर्मन वीजग्राहकाने जादा आकार भरून बाजारपेठ निर्माण केली आणि तिचा मोठा लाभ दूरच्या कारखानदारांना झाला. जगाच्या दृष्टीने हे वाईट झाले असे म्हणता येणार नाही, कारण त्यामुळेच फलक स्वस्त झाले. थालहाइमच्या कामगाराला मात्र हा युक्तिवाद पटणे कठीण.

२०१३ साली संघाने चिनी फलकांवर जादा आयातशुल्क लादले. त्यावरून युरोपातच दोन तट पडले. फलक बनविणारे शुल्काच्या बाजूचे, तर फलक बसविणारे विरुद्ध, कारण महाग फलक म्हणजे कमी काम. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये ते शुल्क संपुष्टात आले.

नवा कायदा

२०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर या प्रश्नाला निराळी धार आली. त्याच्या आदल्या वर्षी युरोपीय संघाच्या नैसर्गिक वायूच्या आयातीपैकी सुमारे ४५ टक्के वायू रशियातून येत होता. एकाच पुरवठादारावर विसंबण्याची किंमत सर्वांना कळून चुकली, आणि वायूच्या बाबतीत झाले तेच फलकांच्या बाबतीत होईल काय, अशी चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने स्वदेशी स्वच्छ उत्पादनाला भरघोस करसवलती दिल्या. त्यांना पुढे २०२५ साली मोठी कात्री लागली, पण तोवर युरोपला जाग आली होती.

वायूची तुलना मात्र जपून करावी लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वायू जळून जातो आणि रोज नवा लागतो. छपरावर बसलेला फलक पुरवठा थांबला तरी पंचवीस वर्षे वीज देतच राहतो. पुरवठा तुटल्यास नव्या उभारणीची गती मंदावेल, पण दिवे विझणार नाहीत.

जून २०२४ मध्ये अंमलात आलेल्या ‘निव्वळ शून्य उद्योग कायद्या’चे लक्ष्य असे की, संघाला दरवर्षी लागणाऱ्या अशा साधनांपैकी निदान ४० टक्के साधने निर्माण करण्याची क्षमता २०३० पर्यंत घरीच यावी. या कायद्याच्या गाठीशी स्वतःचा नवा निधी जवळजवळ नाही. त्याची हत्यारे दोन. पहिले, परवान्यांना मुदतीचे बंधन: लहान प्रकल्पांना बारा महिने, मोठ्यांना अठरा. दुसरे, लिलावाची नवी रीत. ३० डिसेंबर २०२५ पासून प्रत्येक सदस्य राष्ट्राने अपारंपरिक विजेच्या लिलावांपैकी निदान ३० टक्के भागात किंवा सहा गिगावॅटपुरते केवळ किमतीवर न जाता पुरवठ्याची सुरक्षितता वा पर्यावरणाचे रक्षण यांसारखे निकषही लावावयाचे आहेत. थालहाइमच्या वेळी जे विचारले गेले नाही, ते आता विचारले जाईल.

केवळ पैसा आणि मागणी पुरेशी नसते, याचेही उदाहरण युरोपात ताजे आहे. स्वीडनच्या उत्तरेस शेलेफ्टियो येथे ‘नॉर्थव्होल्ट’ कंपनीने विद्युत्घटांचा विशाल कारखाना उभारला. भांडवल भरपूर होते आणि मोटार कंपन्यांच्या मागण्याही होत्या. परंतु ठरल्या प्रमाणात निर्दोष माल बाहेर पडेना. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हातात मुरलेले उत्पादनकौशल्य लिलावाच्या अटींतून मिळत नाही.

सीमेवरील आकारणी

युरोपातील पोलाद वा सिमेंटच्या कारखानदारास २००५ पासून चालू असलेल्या परवाना-बाजाराच्या नियमांनुसार उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो. बाहेरच्या कारखानदारास ते बंधन नाही. ही विषमता भरून काढण्यासाठी संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर कार्बनची आकारणी ठरविली. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती पुरविणे सक्तीचे होते. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष दायित्व सुरू झाले. युरोप ही भारतीय पोलादाची मोठी बाजारपेठ असल्याने आपल्या निर्यातदारांनाही भट्टीत किती कोळसा जळला याची नोंद ठेवणे भाग पडले आहे. २०२६ च्या आयातीपोटी लागणारी प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विकली जावीत, असे ठरले आहे.