मृत्कलेचा व्यवसाय : गोंदियाच्या पालकांस काही सांगणे

बारावीचा निकाल हाती आला, की गोंदिया जिल्ह्यातील घराघरांतून मुलांच्या भवितव्याविषयी जो खल सुरू होतो, त्यात वैद्यक, अभियांत्रिकी, स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती आणि फार झाले तर शिक्षकी पेशा ह्यांच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही; आणि अशा वेळी एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मला मातीची भांडी घडवण्याची कला शिकायची आहे’ असे म्हटले, तर आईवडिलांच्या चर्येवर जी चिंता उमटते, तिला मी अज्ञान म्हणणार नाही. धानाच्या एका हंगामावर वर्षाच्या खर्चाची तजवीज करणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या शिक्षणावर पैसा घालण्यापूर्वी त्याचा हिशेब मागावा, हे योग्यच आहे. तो हिशेब जमेच्या आणि खर्चाच्या दोन्ही बाजूंनी मांडावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

प्रारंभी एक भेद ध्यानात घ्यावा, कारण तो न कळल्यामुळे अनेक पालक भलत्याच आशेने किंवा भलत्याच भीतीने निर्णय करतात. ‘सिरॅमिक’ ह्या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वाटा आहेत. एक अभियांत्रिकीची : बनारस हिंदू विश्वविद्यालयात 1924 साली सुरू झालेला आणि आज तेथील आयआयटीत असलेला सिरॅमिक विभाग, राउरकेल्याची एनआयटी, कोलकात्याचे शासकीय अभियांत्रिकी व सिरॅमिक तंत्रज्ञान महाविद्यालय, ह्या तिच्या प्रमुख संस्था, भौतिक, रसायन व गणित घेऊन प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना तेथे वाव मिळतो, आणि पुढे पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांच्या विटा, फरशा, विद्युत्‌रोधक, न्हाणीघराची भांडी अशा उद्योगांत पगारी नोकरी असते. दुसरी वाट स्टुडिओ पॉटरीची, म्हणजे एकच कलावंत किंवा एखादे लहानसे मंडळ आपल्या कार्यशाळेत माती सिद्ध करण्यापासून अखेरच्या भाजणीपर्यंतचे सर्व काम स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या विचाराने पार पाडते, अशी. ह्या लेखाचा विषय ही दुसरी वाट आहे.

ह्या कामात हाताचे कौशल्य किती लागते, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा उमगत नाही. माती मळून, तुडवून, तिच्यातील हवा काढून तिचा गोळा चाकाच्या नेमक्या मध्यावर स्थिर करणे, ही पहिली पायरी. आणि वरवर क्षुल्लक भासणाऱ्या ह्या एका क्रियेतच नवशिक्याचे अनेक आठवडे जातात. गोळा स्थिर झाल्यावर त्यात अंगठे रोवून पोकळी करणे, बोटांच्या दाबाने भिंत सारख्या जाडीने वर ओढणे, भांडे अर्धे सुकल्यावर ते उलटे ठेवून तळ तासणे, हे सर्व त्यानंतर येते. आपल्याकडील परंपरागत कुंभार जड चाकाला काठीने गती देऊन उकिडवा बसतो, आणि चाकावरून उतरवलेल्या मडक्याला आतून दगडी गोटा लावून बाहेरून थापटणीने ठोकून मोठे व पातळ करतो. स्टुडिओतील कलावंत बहुधा पायाने वेग आवरता येणाऱ्या विजेच्या चाकापुढे बसतो. चाकाखेरीजही मार्ग आहेत : मातीच्या वळ्या एकावर एक रचून घडवणे, लाटलेले थर जोडून घडवणे, नुसत्या चिमटीने घडवणे, आणि पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून घडवणे. मात्र कोणत्याही मार्गाने घडवले, तरी सुकताना व भाजताना मिळून भांडे एक-दशांशाहून अधिक आकसू शकते, आणि ह्या आकसण्याचा अंदाज ज्याला आला नाही त्याच्या हातून झाकण व बरणी ह्यांचा मेळ कधीच बसत नाही.

पुढे अग्नीचा कारभार. गावच्या आव्यात भांडी साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापतात. ती सच्छिद्र राहतात, म्हणूनच माठातील पाणी पाझरते आणि गार होते. स्टोनवेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भांड्यांना बाराशे ते तेराशे अंश सेल्सिअसची भाजणी लागते, व तिच्यात माती इतकी घट्ट होते की तिच्यातून पाणी झिरपत नाही. त्यापूर्वी नऊशे-हजार अंशांवर एक पहिली, ‘बिस्किट’ नावाची भाजणी करतात. ह्या भाजणीत 573 अंशांच्या आसपास मातीतील गारेच्या कणांचे आकारमान एकाएकी बदलते, आणि तेथे घाई करणाऱ्याची भांडी तडकतात. बिस्किट झालेल्या भांड्यावर जो चकाकणारा लेप देतात, तो मूलतः काचच असतो : सिलिका हा तिचा मूळ घटक, अ‍ॅल्युमिना तिला भांड्यावरून ओघळू देत नाही, आणि फेल्डस्पार, चुनखडी यांसारखी द्रव्ये तिला वितळवतात. त्या काचेत अत्यल्प तांबे घालून भट्टीत भरपूर हवा खेळू दिली तर लेप हिरवा येतो, आणि तेच भांडे हवा कोंडून, धुरकट ज्वालेत भाजले तर लाल येतो. म्हणून ह्या कलेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला माझा पहिला सल्ला असा की, रसायनशास्त्राशी वैर करू नये. अकरावी-बारावीला विज्ञान शाखा झेपत असेल तर ती घेऊनही ललित कलेकडे जाता येते, आणि ते शिकणे भट्टीपुढे जन्मभर उपयोगी पडते.

हवा कोंडून रंग पालटण्याची ही विद्या परदेशातून आली, असा कोणाचा समज असेल तर त्याने विदर्भाच्या महापाषाणयुगाकडे पाहावे. नागपूरजवळील माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील उत्खननांत, म्हणजे लोहयुगीन विदर्भाच्या शिलावर्तुळांखाली, आतून व काठाशी काळी आणि बाहेरून लाल अशी जी मृत्पात्रे सापडली, त्यांच्या दुरंगीपणाचा उलगडा अभ्यासकांनी उलट्या भाजणीवरून केला आहे : पात्र उपडे ठेवले, की तोंडाकडील भागाला हवा मिळत नाही आणि तो काळा राहतो, उघड्या पाठीला मिळते आणि ती लाल होते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ह्या मुलखातील अनाम कारागीर अग्नीला इतका स्वाधीन ठेवत होता, ही गोष्ट गोंदियाच्या विद्यार्थ्याने अभिमानाने आणि अभ्यासाने जाणून घ्यावी.

आता ज्या मुद्द्यासाठी मी विशेष उत्सुक आहे, त्याकडे येतो. गोंदिया हा भातगिरण्यांचा जिल्हा. एक क्विंटल धान भरडले, की सुमारे वीस किलो तूस निघते, आणि ते पूर्ण जळल्यावर सुमारे चार किलो राख उरते. ह्या राखेत सिलिकाचे प्रमाण सामान्यतः पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असते. गिरणीमागे ढीग होऊन पडणारी आणि वाऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांत जाणारी ही राख जपानी कुंभारांच्या दृष्टीने मौल्यवान द्रव्य आहे. तांदळाच्या तुसाची राख, लाकडाची राख आणि फेल्डस्पार ही सारख्या भागांनी घेऊन प्रयोगास आरंभ करावा, आणि स्टोनवेअरच्या तापमानावर जो दुधट, किंचित निळसर छटेचा, मऊ लेप सिद्ध होतो त्याला तिकडे ‘नुका’ म्हणतात. शोजी हामादा ह्या थोर कलावंताने माशिको नावाच्या गावी हेच केले. माशिकोत पूर्वी स्वयंपाकघरातील साध्या बरण्या आणि रांजण होत. तेथील माती काही उच्च प्रतीची नव्हती. तरी हामादाने बाहेरून सामग्री आणवण्याऐवजी त्याच मातीवर, आसपासच्या दगडावर आणि भाताच्या राखेवर आपली शैली उभारली, आणि 1955 साली जपानच्या शासनाने त्याला राष्ट्राची जिवंत संपत्ती म्हणून गौरवले. आपल्या झाडीपट्टीत मामा तलावांचा गाळ आहे, तणस आहे, तूस आहे, आणि 1999 पर्यंत गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, त्यात भट्टीच्या उष्णतारोधक सामग्रीला लागणाऱ्या कायनाइट व सिलिमॅनाइटच्या खाणी आहेत. तलावाकाठची लोहयुक्त लाल माती एकटी बाराशे अंशांचा ताप सोसणार नाही, ती बसेल किंवा वितळेल. परंतु जी माती भांडे म्हणून वितळते, तीच दुसऱ्या मातीच्या भांड्यावर तपकिरी-काळा लेप म्हणून वापरता येते. इतकी सामग्री दाराशी असताना ह्या जिल्ह्यातून आजवर ह्या कलेची स्वतंत्र शैली निर्माण झालेली नाही, ह्याचे मला मनापासून वाईट वाटते.

भारतातील ह्या कलेचा आधुनिक इतिहास लहान असला तरी त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत 1870 नंतरच्या दशकात जॉर्ज टेरी ह्यांच्या देखरेखीखाली मृत्पात्रांची कार्यशाळा चालली, आणि अजिंठ्याची चित्रे व सिंधमधील फरशांची नक्षी तिच्या भांड्यांवर उतरली. त्यांचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढे सरदार गुरुचरण सिंग 1919 साली जपानला गेले, तेथे हामादा व ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच ह्यांच्या मंडळींत वावरले, आणि परतल्यावर दिल्लीत त्यांनी जे काम उभारले त्यातून उत्तरेतील परंपरा आली. 1971 साली रे मीकर व डेबोरा स्मिथ ह्यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी स्थापिली, तिच्यातून दुसरी. निर्मला पटवर्धन ह्यांनी शांतिनिकेतन व जर्मनी येथे शिक्षण घेऊन लेपांच्या रसायनाचा ध्यास घेतला आणि भारतीय कुंभारांसाठी इंग्रजीत जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, ते प्रत्येक विद्यार्थ्याने मिळवून वाचावे. बिहारमधील परंपरागत कुंभार घराण्यातून आलेले ब्रह्मदेव राम पंडित ह्यांनी मुंबईजवळ भाईंदर येथे कार्यशाळा उभारली. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांची पुढची पिढीही ह्याच कामात आहे. जातीने कुंभार असणे हे ह्या कलेचे पात्रतापत्र नाही आणि त्यात कमीपणाही नाही, हे ह्या दोन उदाहरणांवरून पालकांनी ओळखावे.

शिक्षणासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत सिरॅमिकचा अभ्यासक्रम आहे, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक व काच ह्यांचा विभाग आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ज्योत्स्ना भट्ट ह्यांनी दीर्घकाळ हा विषय शिकवला, आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनातही तो शिकता येतो. ज्यांना पदवीपूर्वी आपला कल पारखून पाहावयाचा असेल, त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीस जावे. कृष्णमूर्ती मिरमिरा ह्या गांधीवादी कार्यकर्त्याने तेथे ग्रामोदय संघ स्थापून कुंभारकामाला नवी दिशा दिली. गोंदिया-बल्लारशा रेल्वेने चंद्रपूर गाठले, की भद्रावती फार लांब नाही. सीमाभागातील खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, आणि त्या बाजूस नेणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते. कोणत्याही ठिकाणी जाण्यापूर्वी चालू अभ्यासक्रम, शुल्क आणि वसतिगृह ह्यांची लेखी चौकशी अवश्य करावी.

पदवी झाली, की बाप कर्ज काढून मुलाला भट्टी घेऊन देतो. हे करू नये. पदवीनंतर दोन-तीन वर्षे एखाद्या अनुभवी कलावंताकडे उमेदवारी करावी, मेहनताना थोडा मिळाला तरी चालेल. माती चाळणे, लेप दळणे, भट्टी रचणे आणि रात्र जागून शंकूंवर नजर ठेवणे ह्यांतूनच खरा कारागीर तयार होतो. ठरावीक उष्णतेला वाकणारे हे शंकू आणि एक तापमापक, चाक, चाळण्या, तराजू व तासण्याची हत्यारे एवढ्यावर प्रारंभ होतो; विजेची भट्टी सोपी, पण तिच्यात धुरकट भाजणी साधत नाही, गॅसची भट्टी ती साधते, पण जागरूकता मागते. ज्यांच्या घरी पिढीजात कुंभारकाम चालते, त्यांनी 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती काढावी. तिच्यात प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंत हत्यारांसाठी साहाय्य आणि तारणाविना दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी सोय आहे.

उत्पन्नाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात, आणि केवळ प्रदर्शनातील विक्रीवर संसार चालवणारे कलावंत थोडे असतात. बहुतेकजण उपाहारगृहांसाठी ताटल्या-वाट्या, वास्तुविशारदांसाठी भित्तिशिल्पे, शाळांतून अध्यापन, हौशी लोकांसाठी वर्ग, खुर्जा किंवा मोरबीच्या कारखान्यांसाठी आकृतिरचना अशा दोन-तीन वाटांनी मिळून निर्वाह करतात. ज्या घराला मुलाची कमाई विसाव्या वर्षीच हवी आहे, त्या घराने हा मार्ग धरू नये. आणि ज्या घराला सहा-सात वर्षे धीर धरणे शक्य आहे, त्याने केवळ लोक काय म्हणतील ह्या भयाने तो सोडू नये. पैशाइतकाच प्रकृतीचाही विचार हवा : मातीच्या कोरड्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते, म्हणून कार्यशाळा ओल्या फडक्याने पुसावी, लेप कालवताना मुखपट्टी लावावी, आणि खाण्याच्या भांड्यांना शिशाचा लेप कधीही देऊ नये.

ज्यांचे मूल आज आठवी-नववीत आहे, त्यांनी इतकेच करावे : शाळेतील चित्रकला शिक्षकांना भेटून एलिमेंटरी व पुढे इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षांना त्याला बसवावे. त्यांचे अर्ज शाळेमार्फतच भरले जातात, इंटरमिजिएट उत्तीर्ण होणाऱ्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि कलाशाळेच्या प्रवेशाला लागणारी रेखाटनाची तयारी येथूनच सुरू होते.