ट्रॅक्टर इंजिनच्या ऑइल सीलची गळती : घरी काय करावे?

बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीनची मळणी आणि हरभऱ्याची पेरणी पाठोपाठ येते. अशा वेळी इंजिनच्या पुढील पुलीखाली ऑइल ठिबकू लागले, तरी पेरणी होईपर्यंत दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो. तसे करू नये. ओलसर भागावर भुसा चिकटतो व तापलेल्या सायलेन्सरजवळ तो पेट घेऊ शकतो. ऑइलची पातळी फार घटल्यास बेअरिंग खराब होतात.

मात्र थेंब दिसताच सील आणायला खामगावला धावण्याचेही कारण नाही. इंजिन डिझेलने पुसून कोरडे करावे, दहा मिनिटे चालवावे व बंद करून पाहावे. पुष्कळदा टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेले ऑइल खाली ओघळते आणि दोष सीलला लागतो.

यानंतर ब्रीदर तपासावा. मळणीची धूळ त्यात बसली म्हणजे क्रँककेसमधील वायू कोंडतात व ऑइल सीलमधून बाहेर ढकलतात. ब्रीदर तुंबलेला असेल तर नवे सीलही गळेल. तो स्वच्छ करूनही ऑइल भरण्याच्या तोंडातून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत. सीलवर खर्च करून उपयोग नाही.

क्लच हाउसिंगच्या तळातील छिद्रातून इंजिन ऑइल येत असल्यास मागील सील गेले असे समजावे. त्यासाठी ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. हे काम अंगणात दगड लावून करू नये.

पुढील सील मात्र घरी बदलता येते. बॅटरीची अर्थिंगची तार काढावी. पट्टा आणि गरज पडल्यास रेडिएटर काढावा. पुली हातोडीने न ठोकता पुलरने काढावी. जुन्या सीलवरील मापे मिलिमीटरमध्ये असतात : आतील व्यास, बाहेरील व्यास, जाडी. जुने सील उचकटताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नये. सील जेथे घासते तेथे नख फिरवावे; खाच लागल्यास जागा असेल तर नवे सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे. स्प्रिंगची बाजू इंजिनच्या आत ठेवावी. ही चूक फार होते. ओठाला ऑइल लावून सपाट लाकडी ठोकळ्याने सर्व बाजूंनी सारखे ठोकावे. पुलीचा बोल्ट पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावा.

पहिल्या दिवशी दोन-तीन वेळा इंजिन बंद करून ऑइलकाडी पाहावी.