पहिल्या घावापूर्वी : वृक्षतोडीतील सुरक्षितता आणि सल्ल्याचे मोल

पावसाळा तोंडावर आला की घराभोवतीची झाडे एकदा नजरेखालून घालण्याची रीत कोकणात व घाटमाथ्यावर जुनी आहे. कौलांवर झुकलेली फांदी, गोठ्यालगतचा वठलेला आंबा, विहिरीच्या कठड्याशी आतून पोखरलेला फणस, यांपासून वादळवाऱ्यात धोका संभवतो. अशा वेळी घरातील कर्ता माणूस कुऱ्हाड घेऊन निघतो, शेजारचे दोघे मदतीस येतात आणि दोन तासांचे काम म्हणून झाडावर घाव पडू लागतात. ज्याने आयुष्यभर सरपण फोडले, त्याला झाड पाडणे ही एक वेगळी विद्या आहे, असे सहसा वाटत नाही. वस्तुतः पुष्कळशा अपघातांचे मूळ या समजुतीतच असते.

सरपण फोडताना घाव चुकला, तर ओंडका पुन्हा उभा करता येतो. उभे झाड पाडताना मात्र शेवटचा काप दिल्यावर काहीही परत घेता येत नाही. कित्येक क्विंटल, प्रसंगी काही टन वजन हलू लागते आणि ते थांबविण्याची शक्ती कोणाही माणसाच्या अंगी नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ मध्ये वनकामातील सुरक्षितता व आरोग्य यांविषयी आचारसंहिता प्रसिद्ध केली, ती वनकाम हे जगभर अतिशय धोक्याच्या व्यवसायांत मोडते म्हणूनच. म्हणून या कामात विचार, विचारपूस आणि सल्ला यांची वेळ पहिल्या घावाच्या आधीची असते.

कोणाकोणाला विचारावे?

पहिली विचारणा कायद्याची. ‘महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४’ अन्वये आंबा, फणस, साग, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ आदी अनुसूचित झाडे आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी ती तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नागरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. परवानगीच्या निमित्ताने जागेची पाहणी झाली, तर झाड तोडणे खरोखरच आवश्यक आहे काय, याचाही विचार होतो. पुष्कळदा वाळलेल्या दोन फांद्या उतरविल्याने काम भागते.

दुसरी विचारणा वीज वितरण कंपनीची. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात वीजवाहिनी असेल, तर तिच्या कर्मचाऱ्यांनी प्रवाह बंद केल्याखेरीज कामास हात घालू नये. तारेला फांदी टेकेल, पण खोड टेकणार नाही, असा हिशेब करणे जिवावर बेतू शकते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची विचारणा जाणत्या तोड्याची. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा मोठी आहे. १९४७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई प्रांतात मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा आदिवासी कामगार या संस्थांमुळे स्वतःच्या श्रमाचा मालक झाला. अशा संस्थांतून किंवा वनविभागाच्या कूपांवर काम केलेली माणसे आजही अनेक गावांत आहेत. त्यांच्यापाशी पदवी नसेल. परंतु झाड कोणत्या बाजूस जाईल, हे ती खोडाभोवती एक फेरी मारून सांगू शकतात.

एक उदाहरण

समजा, घराच्या पडवीपासून दहा मीटरवर एक जुना आंबा आहे. त्याची उंची बारा मीटर आणि बुंध्याचा व्यास पन्नास सेंटिमीटर. मालकाला तो घराच्या विरुद्ध दिशेला, मोकळ्या शेतात पाडावयाचा आहे. मालक त्या झाडाला रोज पाहतो, परंतु नेहमी अंगणातून, एकाच बाजूने. त्याला खोड सरळ दिसते. शेजारचा जाणता मनुष्य मात्र वीस पावले मागे जाऊन चारही बाजूंनी पाहतो. त्याच्या लक्षात येते की खोड सरळ असले तरी जड फांद्या सर्व घराच्या अंगास आहेत. झाडाचा झोक खोडावरून नव्हे, तर शेंड्याच्या भारावरून ठरतो. पुढे तो कुऱ्हाडीच्या मागील बाजूने बुंध्यावर ठोकून पाहतो. एका ठिकाणी ठणक आवाज न येता पोकळ आवाज येतो. मुळाशी भूछत्रे उगवलेली दिसतात. म्हणजे खोड आतून कुजले आहे.

उंचीचाही अंदाज तो सहज काढतो. आपल्या हाताच्या लांबीएवढी काठी हात ताठ पुढे करून उभी धरावयाची आणि काठीचे खालचे टोक बुंध्याशी व वरचे टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकावयाचे. सपाट जमिनीवर तेथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजे जवळपास झाडाची उंची. या रीतीने पाहता हा आंबा चुकून घराकडे वळला, तर त्याचा शेंडा पडवीवर येणार, हे पहिला घाव घालण्यापूर्वीच कळते.

येथे जाणत्याचा सल्ला असा पडेल की हे झाड बुंध्यातून पाडू नये. झाडावर चढून काम करण्यात तरबेज असलेल्या माणसांकडून वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यावे. मदतीस माणसे जमली असताना, हातात कुऱ्हाड असताना ‘आज नको’ हे शब्द ऐकणे मालकाला जड जाते. त्याला त्यात आपला कमीपणा वाटतो. परंतु या सल्ल्यामागील कारण समजण्यासाठी झाड पाडण्याचे तंत्र समजून घेतले पाहिजे.

खाच, काप आणि बिजागरी

निकोप आणि बेताच्या झोकाचे झाड पाडताना प्रथम बुंध्याभोवतीची झुडपे, वेली व दगड दूर करतात. शेजारच्या झाडांना गुंतलेल्या वेली आधीच पाहून ठेवाव्या लागतात. कारण झाड पडताना त्या दुसऱ्या झाडाची फांदी ओढून खाली आणतात. वर अडकलेली वाळकी फांदी आहे काय, हेही पाहावे. नंतर निसटण्याची वाट तयार करतात. ही वाट झाड पडावयाच्या दिशेच्या मागे, तिरपी, डाव्या व उजव्या अशा दोन्ही अंगांस असावी. खोडाच्या थेट मागे कधीही उभे राहू नये. पडताना बुंधा उसळून मागे येऊ शकतो. काम करणाऱ्यांखेरीज सर्व माणसे आणि गुरे झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावीत. बारा मीटरच्या झाडासाठी हे अंतर चोवीस मीटर होते. डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत मजबूत बूट असावेत. वारा सुटला असल्यास काम पुढे ढकलावे.

आता प्रत्यक्ष काप. ज्या दिशेला झाड पाडावयाचे, त्या बाजूस प्रथम खाच घेतात. तिची खोली व्यासाच्या सुमारे एक-चतुर्थांश असते. पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या खोडात ती सुमारे बारा सेंटिमीटर होते. खाचेचा वरचा आणि खालचा काप एकाच रेषेवर मिळाला पाहिजे. एक काप पुढे गेला, तर झाडाची दिशा बदलते. त्यानंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर उंचीवर, आडवा मागचा काप देतात. हा काप खाचेपर्यंत कधीही नेत नाहीत. मध्ये व्यासाच्या एक-दशांश, म्हणजे या खोडात पाच सेंटिमीटर जाडीची लाकडाची पट्टी अखंड ठेवतात.

ही पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. दाराची बिजागरी जशी दाराला एकाच दिशेने फिरू देते, तशी ही पट्टी झाडाला खाचेच्या दिशेने सावकाश झुकविते. ती कापून टाकली की झाडावरील ताबा सुटला. मागच्या कापात करवत अडकू नये आणि झाड मागे बसू नये म्हणून त्यात पाचर ठोकतात. यंत्रकरवत वापरत असल्यास पाचर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावी. लोखंडी पाचरेला साखळी लागल्यास ती तुटते.

वरील उदाहरणातील आंब्याचा दोष आता उघड होतो. बिजागरीचे सामर्थ्य निरोगी लाकडात असते. आत कूज असेल, तर बिजागरी नावापुरतीच उरते. तंत्र अचूक असूनही झाड शेंड्याचा भार असेल तिकडे, म्हणजे घराकडे जाईल. त्याचप्रमाणे फार झोकलेल्या झाडाला मागून काप देत असताना खोड अकस्मात उभे चिरून त्याची फाळ तोडणाऱ्याच्या अंगावर येते. अशी झाडे हे नवशिक्याचे काम नव्हे.

आज्ञा एकाची, ‘थांबा’ सर्वांचे

सल्ला घ्यावा याचा अर्थ भोवती जमलेल्या प्रत्येकाचे ऐकावे असा नाही. काप अर्ध्यावर आला असता कोणी ‘दोर ओढा’ म्हणते, कोणी ‘आणखी खोल जाऊ द्या’ म्हणते. या गलक्यात तोडणाऱ्याचे लक्ष विचलित होते. झाडाच्या उंचीपेक्षा आखूड दोर हातांनी ओढणारे तर झाडाच्या माऱ्यातच उभे असतात. म्हणून सर्व चर्चा आधी करावी, शंका काढाव्यात, दिशा, वाटा आणि प्रत्येकाची जागा ठरवावी. काम सुरू झाल्यावर आज्ञा एकाचीच असावी.

या नियमाला एकच अपवाद आहे. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांना असतो. तोडणाऱ्याची नजर कापावर असते. शेंडा हलला, वारा फिरला, एखादे मूल आवारात शिरले, हे त्याला दिसत नाही. ते लांब उभ्या असलेल्या पोरसवदा मदतनिसाला दिसते. त्याने हाक दिली की हातातील काम तत्काळ थांबले पाहिजे. हाक चुकीची ठरली तर पाच मिनिटे गेली. ती दुर्लक्षिली तर माणूस जाऊ शकतो. म्हणून अशा हाकेबद्दल मुलाला कोणी हसू नये. एकदा हसलेला मुलगा पुढच्या वेळी गप्प राहतो.

याच कारणाने हे काम एकट्याने कधीही करू नये. सोबत असणाऱ्यांपैकी एकाला प्रथमोपचाराची माहिती असावी आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला ठिकाणाचा नेमका पत्ता सांगता यावा.

पडता पडता अडकलेले झाड

झाड पडताना दुसऱ्या झाडात अडकले, तर धोका संपला असे नव्हे. तो वाढला असे समजावे. त्याच्याखाली जाऊ नये, त्यावर चढू नये आणि ज्या झाडाने त्याला अडविले आहे ते तोडू नये. तो भाग दोर बांधून बंद करावा व सर्वांना कल्पना द्यावी. नंतर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सुरक्षित अंतरावरून कप्पी व तारदोराच्या साहाय्याने बुंधा मागे ओढून ते उतरवावे. ‘उद्या पाहू’ म्हणून ते तसेच सोडून जाणे म्हणजे रात्री त्या वाटेने जाणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय.

हा लेख वाचून कोणी झाड पाडण्यास सिद्ध होईल, अशी अपेक्षा नाही. हे कौशल्य जाणत्याच्या शेजारी उभे राहून, लहान झाडांपासून आरंभ करूनच येते. परंतु आपल्यासमोरचे झाड आपल्या आवाक्यातील आहे की नाही, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले. वाढावयास चाळीस वर्षे लागलेले झाड पाडण्यापूर्वी चार माणसांना विचारण्यासाठी एक दिवस थांबणे यात कमीपणा नाही. त्या एका दिवसाने घर वाचते, माणूस वाचतो आणि कित्येकदा झाडही वाचते.