मध्यमेचा मुक्काम
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कोणतीही विद्या शिकताना आरंभ कठीण असतो, असे आपण नेहमी ऐकतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. आरंभी सारेच नवे असते. रोज काहीतरी हाती लागते आणि घरची माणसे कौतुक करतात. खरा कस लागतो तो मधल्या टप्प्यावर. तेथे चुका ढोबळ राहिलेल्या नसतात, म्हणून त्या दिसत नाहीत. आणि दिसत नाहीत म्हणून सुधारतही नाहीत.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक परीक्षांत या टप्प्याचे नावच 'मध्यमा' असे आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी या मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारद, अशी ही चढण आहे.

मी मुळशी तालुक्यातील कोळवणची. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. सातवीनंतर शिकण्यासाठी पुण्यात मावशीकडे आले आणि शेजारच्या मुलीच्या नादाने कथकच्या वर्गाला जाऊ लागले. चार परीक्षा सहज पार पडल्या. गेल्या वर्षी मध्यमा पूर्णला मात्र मी नापास झाले. अण्णांनी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "म्हंजे आता परत फी भरायची का?" त्या प्रश्नात राग नव्हता, भात विकून आलेल्या पैशांचा हिशेब होता. म्हणूनच मला उत्तर सुचेना. त्यानंतर वर्षभर मी ते उत्तर शोधत आहे. जे थोडेफार हाती लागले, ते माझ्यासारख्याच मधल्या वाटेवरच्या मैत्रिणींसाठी येथे मांडते.

पहिली गोष्ट लयीची. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' हा तत्कार आम्हांला पहिल्याच महिन्यात शिकवतात. तो आपल्याला येतो, असे समजून मी चौगुणीच्या मागे लागले होते. पाय भराभर पडले की पाहणारे टाळ्या देतात. पण द्रुत लयीत पुष्कळ दोष झाकले जातात. विलंबित लयीत दोन मात्रांमध्ये मोठे अंतर असते आणि त्या अंतरात पावलाचा कच्चेपणा उघडा पडतो. आमच्या ताई म्हणाल्या, "तुझे पाय चुकत नाहीत गं, पण ते थांबतही नाहीत." त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तो कळला कोळवणला, दिवाळीच्या सुटीत. अण्णा गावच्या ढोल-लेझीम पथकात ढोल वाजवतात. शाळेत असताना मीही लेझीम खेळत असे; 'चार आवाज'चा हात मला चांगला जमायचा. शहरात मात्र मी हे कोणाला सांगत नसे. आमच्याकडे लेझीम 'खेळतात', ती कोणी 'नाचत' नाही. तेव्हा तिचा कथकशी काय संबंध, असे मला वाटे. त्या दिवशी मी अंगणात घुंगरू बांधून सराव करीत होते. अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पाय लई वाजतोय, पर तो ढोलाच्या फुडं पळतोय." मग त्यांनी ढोल काढला आणि एक संथ ठेका धरला. माझी दुगुण दोन आवर्तनांतच त्यांच्या पुढे गेली. ज्यांनी तीनतालाचे नावही कधी घेतले नाही, त्यांनी माझा दोष नेमका दाखवला होता. सुटी संपेपर्यंत रोज संध्याकाळी ते ठेका धरीत आणि मी फक्त ठायीतला तत्कार करी. तोडा नाही, चक्कर नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणे. मी तिहाया पाठ करीत असे. एक शब्द चुकला की सारे कोसळे. आता मी त्या मोजून पाहते. तीनतालाच्या सोळा मात्रा. सतरावी म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. समेपासून निघून पाच मात्रांचा बोल तीनदा घेतला, तर पंधरा मात्रा होतात. मध्ये दोनदा एकेक मात्रा विराम दिला की सतरा. शेवटचा ठोका बरोबर समेवर! बोल तीन मात्रांचा असेल, तर विराम चार-चार मात्रांचे हवेत. नऊ आणि आठ मिळून सतराच. हे समजल्यावर विरामही बोलाइतकाच मोलाचा आहे, हे ध्यानात आले. ताई ज्याला 'थांबणे' म्हणत होत्या, ते हेच.

तिसरी गोष्ट पढंतीची. हातावर ताल धरून बोल मोठ्याने म्हणण्याचा मला कंटाळा असे. पण जो बोल तोंडाने स्वच्छ निघत नाही, तो पायातूनही निघत नाही. आता नवा तोडा आधी म्हणते, मग नाचते.

मधल्या टप्प्यावर धीर खचतो तेव्हा मला गुरू रोहिणी भाटे यांची आठवण होते. १९४७ मध्ये त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती'ची स्थापना केली. स्वतःची संस्था असतानाही त्या लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे आणि पं. मोहनराव कल्याणपूरकरांकडे वर्षानुवर्षे शिकत राहिल्या. शिकवण्याच्या पायरीवर उभे राहून पुन्हा शिष्या होणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. मग एका परीक्षेसाठी मी खट्टू का व्हावे?

आमच्या भागात भात आधी तरव्यात वाढवतात आणि पावसाने जोर धरला की उपटून खाचरात लावतात. लावल्यावर काही दिवस रोप पिवळे पडते, मान टाकते. नवख्याला वाटते, पीक गेले. पण त्या दिवसांत ते खाली मुळे धरीत असते. अण्णांना हे मी सांगायची गरज नव्हती. फीचे पैसे त्यांनी आषाढातच मावशीकडे दिले होते. मला ते फार उशिरा समजले.

येत्या सत्रात मी पुन्हा परीक्षेला बसणार आहे. निकाल काय लागेल, ते आज सांगता येत नाही. पण परवा गावी गेले असता अण्णांच्या ठेक्यावर सोळा आवर्तने तत्कार केला, आणि त्यांनी ढोल मधेच थांबवला नाही.